चंद्रकुमारचे ठेके

आमच्या करडी गावचा चंद्रकुमार ऑक्टोपॅड वाजवतो, म्हणजे रबराच्या आठ चौकटींवर काठ्या मारून नाटकाला ड्रमचा आवाज देतो. माणूस इतका सरळ, की त्याला फसवायला हुशारी लागत नाही. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, भरतात, गावोगाव नाटकं होतात, तेवढे दिवस तो घरी सापडत नाही. उरलेलं वर्ष धानाच्या बांधीत.

ताल त्याला शिकवला ढोलकीवाल्या मधुकररावांनी. याने ऑक्टोपॅड घ्यायचं काढलं तेव्हा बाकीचे ढोलकीवाले तोंड फुगवून बसले. मधुकरराव मात्र निवड करायला स्वतः नागपूरला गेले. या यंत्रापायी तुमची ढोलकी कधी बंद होणार नाही, असा शब्द चंद्रकुमारने त्यांना तिथेच दिला.

यंदा नाटकाचं संगीत सांभाळणाऱ्या ऑर्गनवाल्या भैय्याजीने नवा कॉम्प्युटर घेतला आणि चंद्रकुमारला घरी बोलावलं. ऑक्टोपॅडची वायर त्यात खोचली, याच्या कानाला हेडफोन लावला. ठेके रेकॉर्ड करून ठेवू, तालमीला सोपं जाईल, म्हणाला. लावण्याही वाजव, पण अगदी तुझ्या गुरूच्या अंगाने. चंद्रकुमार फुलून गेला. तीन दिवस दुपारभर त्याने घाम गाळला. त्याच्या कानात ड्रम वाजत होता, घरातल्यांना नुसती टपटप ऐकू येत होती. एक लावणी मनासारखी बसली नाही, ती त्याने आपणहून पुन्हा वाजवली. आता याला काय म्हणावं?

कॉम्प्युटर आवाज साठवतच नव्हता. कुठल्या चौकटीवर केव्हा, किती जोरात मारलं, तेवढंच टिपत होता. त्यावर मागाहून हवा तो आवाज चढवता येतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. भैय्याजीने लावण्यांवर ढोलकीचा आवाज चढवला, ढोलकीवाल्याचे पैसे वाचवले.

यंदाच्या नाटकाची पहिली तालीम शाळेच्या व्हरांड्यात होती. मी त्या नाटकात काम करत होतो, म्हणून समोरच होतो. मधुकरराव ढोलकी घेऊन आले, तर त्यांच्या जागेवर स्पीकर. भैय्याजीने बटण दाबलं आणि ढोलकी घुमली. मधुकरराव उभ्यानेच ऐकत राहिले. एकूण एक वळण त्यांचं होतं, आणि ती वळणं त्यांनी एकालाच शिकवली होती.

चंद्रकुमार भैय्याजीच्या अंगावर धावून गेला. वाजवलं तूच, मी फक्त जपून ठेवलं, असं भैय्याजी थंडपणे म्हणाला. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली, पण धरली नाही. माझंही काम त्याच नाटकात होतं.

चंद्रकुमारने मधुकररावांचे पाय धरले. "काकाजी, मले काहीच मालूम नव्हतं. तुमची शपथ."

मधुकररावांनी ढोलकीला खोळ घातली. "मले मांगतलं असतं, त मीच येऊन वाजवून देलो असतो, बाबू."

त्यांचा विश्वास बसला नाही, अजूनही बसलेला नाही. चंद्रकुमारने त्याच दिवशी नाटक सोडलं. त्याला वाटलं होतं, आता तरी भैय्याजी अडेल. नाटक ठरल्या दिवशी झालं. ड्रमचे ठेकेही त्याच कॉम्प्युटरमध्ये होते.