चाओशानची पेज

चायनीज जेवणातलं आपल्याला सगळं कळतं, असं माझ्या मोठ्या दिरांचं ठाम मत होतं. कंपनीच्या कामासाठी ते एकदा चीनला चार दिवस जाऊन आले होते. तिथे त्यांनी हॉटेलातून टोस्ट आणि उकडलेली अंडीच मागवली, हे जाऊबाईंनी मला केव्हाच सांगितलं होतं.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही शारजात अल नहदाला राहायचो, दीर दुबईत करामाला. ज्या ट्रेडिंग कंपनीत ते परचेस मॅनेजर, तिथेच मी अकाउंट्समध्ये. कंपनी चीनहून वॉश बेसिनं आणि कमोड आणायची. ते बनवणाऱ्या कारखान्याची मालकीण एकदा दुबईला आली. पन्नाशीची, ठेंगणी, केस आखूड कापलेले. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर चाओशान म्हणून भाग आहे, तिथली. इंग्रजी मोडकं, पण नजर पक्की.

भावोजींनी तिला एका बड्या हॉटेलातल्या चायनीज रेस्टॉरंटमध्ये नेलं. पाहुणी बाई, म्हणून सोबतीला मला घेतलं. लाल कंदील, भिंतीवर सोनेरी ड्रॅगन, आणि आत स्वयंपाकी सगळे दार्जिलिंगकडचे. मेनूकार्ड तिच्या हातात न देताच भावोजींनी ऑर्डर सोडली. मांचुरियन, चिली चिकन, अमेरिकन चॉप्सी. वर तिलाच सांगतात, "मॅडम, दिस इज रिअल चायनीज!"

त्या बाईने मांचुरियनचा एक गोळा खाल्ला. मग शांतपणे साधा भात मागवला, किटलीतलं गरम पाणी त्यावर ओतलं आणि तेवढंच जेवली.

"बघितलंस? मॅनर्स नाहीत यांना," भावोजी मला मराठीत म्हणाले. स्वतः चॉप्सीवरचं अंडं सुरीकाट्याने कापताना त्यांनी ते टायवर पाडून घेतलं होतं.

निघताना बाई म्हणाली, "टुमॉरो, माय फूड."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आम्हाला दुबईतल्याच देरा भागातल्या एका मागच्या गल्लीत घेऊन गेली. पहिल्या मजल्यावर तिच्याच भागातलं एक जोडपं चिनी व्यापाऱ्यांना जेवू घालायचं. बाहेर पाटी नाही, आत प्लास्टिकची टेबलं. जिना चढतानाच सुक्या मासळीचा वास आला. भावोजींनी रुमाल नाकाला लावला, माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

समोर पांढरे वाडगे आले. पातळ निवळीत अख्खी शितं. बाजूला लहान लहान बश्या: तळलेला खारा मासा, मिठात मुरवलेलं बदकाचं अंडं, मोहरीच्या पाल्याचं खारवलेलं लोणचं, वाळवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट, भाजलेले शेंगदाणे.

"मॉर्निंग ईट, नाइट ईट," बाई म्हणाली. "पुअर मॅन, रिच मॅन, सेम."

भावोजी माझ्याकडे झुकले. "लाखोंचा माल विकते आणि आजाऱ्याचं जेवण वाढते!"

"भावोजी, पेज आहे ही."

"कसली पेज? आपल्याकडे कुठे खातात असलं?"

मालवणपलीकडच्या एका वाडीतला हा माणूस. रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा खाऊन शाळेत जायचा. सासूबाई हे कौतुकाने सांगत. दुबईत आल्यावर मात्र यांच्या लहानपणात ब्रेडबटर शिरलं होतं.

आमचं काय चाललंय ते बाईला कळेना. तिने त्यांना विचारलं, "यू हॅव सेम, इंडिया?"

"नो, नो, मॅडम. नेव्हर."

मला राहवेना. "वी हॅव," मी म्हटलं. "हिज मदर मेक्स इट. विथ ड्राय फिश."

बाईचा चेहरा उजळला. "मदर फूड!" म्हणत तिने टाळी वाजवली आणि माशाची बशी यांच्यापुढे सरकवली. आता सप्लायरपुढे नाही कसं म्हणणार? भावोजींनी चमचा उचलला. मग चमचा बाजूला पडला. वाडगा थेट ओठाला, आणि दुसऱ्या हाताने माशाचा काटा असा अलगद काढला, की तो हात कोकणातला हे लपणं शक्य नव्हतं. दोन वाडगे संपले. गाडीत बसताच म्हणाले, "पोट बिघडणार आता माझं. खलास."

पोटाला काही झालं नाही.

त्या वर्षी गणपतीला दुबईतल्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे आम्ही सगळे जमलो होतो. आरतीनंतर भावोजी रंगात आले. "चिन्यांनी मला साप खायला घातला! वाटीत तरंगत होता!" माणसं हसत होती, बायका पदर तोंडाला लावत होत्या. सोफ्यावरून त्यांचा मुलगा व्हिडिओ गेममधून मान वर न करता म्हणाला, "डॅड, लास्ट टाइम यू सेड फ्रॉग."

"मी होते की तिथे," मी म्हटलं. "भावोजी, साप कुठल्या वाटीत होता हो?"

कुणीतरी खोकलं. भावोजींनी घड्याळ पाहिलं, शारजाच्या ट्रॅफिकबद्दल काहीबाही बोलले आणि बाल्कनीत निघून गेले. स्वतः करामाला राहणारा माणूस! पुढे महिनाभर ते माझ्याशी फक्त इन्व्हॉइसबद्दल बोलले. तो महिना फार सुखाचा गेला.

त्याच दिवशी, आरतीनंतर स्वयंपाकघरात पानं वाढताना जाऊबाई हळूच जवळ आल्या होत्या.

"खरंच पेज होती?"

"हो."

"आणि खाल्ली यांनी?"

"दोन वाडगे."

त्यांनी भाजीवर झाकण जरा जोरातच ठेवलं. "मी केली की ताट सरकवतात. मुलांसमोर असलं करू नकोस म्हणतात."