खालचा आवाज

माझ्या बायकोला गाता येत नव्हतं, पण ती सारखी गुणगुणायची. लातुरात आमच्या घरी क्लासच्या पोरींचे डबे व्हायचे. मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो आणि ती माझ्याच विद्यार्थिनींना जेवू घालायची. पोरी माझ्या तोंडावर म्हणायच्या, सरांचं डोक्यावरून जातं, काकूंचं पोटात राहतं. बाहेरगावाहून आलेल्या, घरच्या आठवणीनं कोमेजलेल्या ह्या पोरी डबा घ्यायला यायच्या आणि ओट्याशी उगाच रेंगाळायच्या. तिचं गुणगुणणं त्यांनाही हवं असायचं, असा माझा अंदाज.

गाणं एकाच बँडचं. लग्नात वाजतो तसला बँड नव्हे. नांदेडची चार पोरं होती, स्वतःची गाणी स्वतः लिहायची, चाली स्वतः लावायची, आणि कुणी सिनेमातलं वाजवा म्हटलं की पेटी मिटून बसायची. भाषा आपलीच, अर्धी मराठी, अर्धी दखनी. त्यांची सीडी कधी निघाली नाही. बायको मावशीकडे नांदेडला गेली होती तेव्हा मोबाईलच्या दुकानदारानं तिच्या मेमरी कार्डात इतर गाण्यांबरोबर हीही भरून दिली. बाकीची तिनं पुसून टाकली. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि त्याच्या चिमुकल्या स्पीकरमधून ती पोरं दिवसभर गायची. डब्यात माशी अडकावी तसा तो आवाज. त्यात तिचं सगळ्यात लाडकं गाणं म्हणजे ‘दार लोटू नको गं, मी येऊन राहिलो.’ फोन बंद झाला तरी ते हिच्या तोंडात चालूच असायचं.

ती किल्लारीच्या पट्ट्यातली. भूकंपात तिचे आई-वडील आणि धाकटा भाऊ गेले. गणपती बुडवून आल्यावर ही हट्टानं अंगणात झोपली होती, म्हणून राहिली. तेव्हा चौथीत होती. पुढं मावशीनं नांदेडला नेऊन वाढवलं. लग्न ठरताना हे सगळं तिनं मला एकदाच सांगितलं, सरळ आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. ‘आधी खालून आवाज आला,’ म्हणाली, ‘मग हाललं.’ त्यानंतर विषय नाही. आमच्या दाराला रात्री कडी लागत नाही, आणि कुठंही गेलो, लग्नाला, दवाखान्यात, तरी ती दाराजवळची जागा धरते. लातुरात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. कुणी त्याचं काही वाटून घेत नाही. मीही घेत नव्हतो.

मग कळलं की बँड मोडणार. एकाला पुण्यात नोकरी लागली होती, दुसऱ्याचं लग्न ठरलं होतं. मोडण्याआधी दोन-चार ठिकाणी वाजवायचं म्हणत होते. मी त्यांना गाठलं आणि लातूरला या म्हटलं. जागा कुठली, तर आमच्या क्लासचा हॉल, दुसऱ्या मजल्यावरचा. संचालकांनी कुरकुर केली, ‘सर, इथं पोरं घडतेत, नाचगाणं कशाला?’ रविवारची टेस्ट संपल्यावर हॉल रिकामाच असतो, हे त्यांना पटवायला मला आठवडा गेला. हट्टाला पेटलो की मी आवरत नाही. तिला मी आजवर काही दिलं नव्हतं. हे द्यायचं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा संध्याकाळचे डबे बंद राहिले. ती ठेवणीतली साडी नेसून आरशापुढं उभी होती.

‘ती पोरं मला वळखतील का हो?’

‘तुला कशाला ओळखतील?’

‘इतकी वर्सं माझ्या सैपाकघरात हायेत की,’ ती म्हणाली आणि स्वतःच हसली. तिला इतकं खूश मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

हॉलमध्ये बाकं तशीच होती. फळ्यावर टेस्टची उत्तरं पुसायची राहिली होती. पुढं शिकवायच्या चौथऱ्यावर चार पोरं दाटीवाटीनं उभी, पेटी, ढोल, गिटार, आणि एकाच्या हातात ती जाड तारांची बेस गिटार. तिचा भलामोठा स्पीकर जमिनीवरच ठेवला होता. चपला बाहेर काढून पन्नास-साठ माणसं बसली, बहुतेक आमचीच पोरंपोरी. ही दाराजवळच्या बाकावर, डब्याच्या दोन पोरींना शेजारी घेऊन. मी पुढं, कारण आयोजक.

पहिलं गाणं नुसत्या पेटीवर झालं. मी वळून बघितलं. तिचे ओठ हलत होते आणि डोळे भरले होते. ह्यासाठीच केला होता अट्टहास.

मग ते गाणं आलं. पहिली ओळ पेटीवाला पोरगा एकटा गायला, ‘दार लोटू नको गं’, आणि त्याच्या खालून बेस आणि ढोल एकदम सुरू झाले. मला ते फार आवडलं. बाक थरथरला, टेबलावरचा मार्कर गडगडत कडेला आला, तळपायातून काहीतरी छातीपर्यंत चढलं. फोनवर हे कधीच ऐकू आलं नव्हतं. एवढ्याशा स्पीकरला तो जाड आवाज काढताच येत नाही. हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर काढून शिकवतो.

पुन्हा वळून बघितलं तर दाराजवळचं बाक रिकामं.

पाणी प्यायला गेली असेल म्हणून कडव्याभर थांबलो. मग ढोल जरा थांबला आणि खिडकीतून, खाली रस्त्यावरून, तिची हाक ऐकू आली. ती मला कधी हाक मारत नाही. ‘अहो, खाली या. खाली या लवकर.’

मी जिना उतरून गेलो. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, अनवाणी, आणि तिच्या दोन्ही हातांत त्या दोन पोरींची मनगटं. दोघींना ओढत दोन मजले उतरली होती. रिक्षावाले हॉर्न देऊन बाजूनं जात होते. एकीच्या बांगडीचा तुकडा मनगटात रुतून रक्त येत होतं, तरी ती पोरगी हूं की चूं करत नव्हती. तिला कळलं असावं.

‘काही नाही गं, वाजवतेत ते,’ मी म्हटलं.

‘हाव,’ ती म्हणाली. ‘ठावं हाय मला.’ पण मनगटं सुटेनात. शेवटी मी एकेक बोट सोडवलं. ती वर बघत होती, इमारतीकडं, आणि हळूच म्हणाली, ‘बाळ्याला न्हाई आणता आलं.’ बाळ्या म्हणजे तिचा भाऊ. घरात झोपलेला.

वर गाणं थांबलं. कुणीतरी सांगितलं असणार, कारण गाणारा पोरगा पेटी घेऊन खाली आला. जिन्याच्या पायरीवर बसला आणि तेच गाणं तिच्यासाठी नुसतं पेटीवर, हलक्या आवाजात, पूर्ण गायला. तिनं हात जोडून ऐकलं. ‘लई चांगलं गाता, बाबा,’ म्हणाली. मला वाटलं, निभावलं.

घरी चालत निघालो. वाटेत तिनं विचारलं, ‘तो खालचा आवाज त्या गाण्यात पयल्यापासून व्हता का?’

खोटं बोलायला हवं होतं. पण मास्तर माणूस, तोंडातून खरं उत्तर गेलं. ‘होता. फोनमध्ये येत नाही एवढंच.’

ती थांबली. ‘म्हंजे इतकी वर्सं मी तेच ऐकून राहिले,’ म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून डबे पुन्हा सुरू झाले. गुणगुणणं झालं नाही. मी वाट बघितली, आठवडा, महिना, पावसाळा गेला. दुसरी गाणी भरून आणली. ती ऐकते, मान हलवते, पोळी उलटते. पोरी डबा घेतात आणि लगेच जातात. कार्ड तिनं मला काढून दिलं. ‘तुमाला ऐकायचं तर ऐका, मी घरात नसताना.’

ती मावशीकडे नांदेडला गेली की मी ते लावतो. आता चांगला स्पीकर आहे घरात, खालचा आवाज स्वच्छ येतो. पोरं छान वाजवायची, नाही असं नाही. पण दुसऱ्या कडव्याला मी बंद करून टाकतो. मला ते गाणं तिच्या तोंडून आवडायचं, आणि ते कुठल्याच कार्डात भरून घेतलं नव्हतं.