फोन ठेवून पाहिलेलं पान

सावळाराम तात्यांनी तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. लग्नपत्रिका, दुखवट्याची पत्रकं, पतसंस्थांचे अहवाल, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. छापलेल्या कागदात चूक दाखवील त्याला तात्या चहा पाजायचे, आणि असा चहा तीस वर्षांत दोघांनाच मिळाला. प्रुफावर दुरुस्ती लिहायची, खिळा बदलायचा, पुन्हा प्रूफ काढायचं. नव्या प्रुफात जुनी चूक दिसली, तर कामगारानं खिळा बदललाच नाही. ह्यात वादाला जागा नव्हती. पुढं सगळं बिघडलं ते ह्या विश्वासापायी.

अठ्ठ्याण्णव साली मालकानं छापखाना मोडला. तात्यांनी हाय खाल्ली नाही, उलट भिगवण रस्त्याला गाळा घेऊन कॉम्प्युटर मांडला आणि पाटी रंगवली: ‘पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड व इंटरनेटचे पान करून मिळेल.’ पत्रिका पुष्कळ आल्या. इंटरनेटचं पान मात्र वर्षभरात एकाच माणसानं मागितलं, भवानीनगरच्या मोहनरावांनी. त्यांची द्राक्षं परदेशी जायची, आणि आपलं पानही तिकडं दिसावं अशी त्यांची हौस होती.

गाळ्यात कामाला ज्योत्स्ना होती, कन्हेरीच्या रामभाऊंची धाकटी. पुण्यात राहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली. तात्यांना माऊस धरायला तिनंच शिकवलं होतं, तरी आल्यागेल्याला तात्या तिची ओळख ‘आमची शिकाऊ’ अशीच करून द्यायचे.

मोहनरावांचं पान तात्यांनी स्वतः मांडलं. डावीकडं द्राक्षाचा घड, उजवीकडं भाव आणि फोन नंबर, मधली जागा एकेक स्पेस मारून भरलेली. गाळ्यातल्या पडद्यावर पान कसं लग्नाच्या पंगतीसारखं नेटकं दिसायचं. पण एमआयडीसीतल्या एका हपिसात मोहनरावांनी ते लहान पडद्यावर पाहिलं, तर घड फोन नंबरावर चढून बसलेला.

“तात्या, पडदा परत्येकाचा येगळा असतो,” ज्योत्स्ना म्हणाली. “स्पेस मारून न्हाय भागायचं. मी चौकटी करून बसवते.”

तिनं बसवलं आणि पान इंटरनेटवर चढवलं. मग तात्यांनी आपल्या नेमाप्रमाणे फोन तोडला. फोनच्या तारेवरूनच इंटरनेट यायचं, आणि काम झालं की तार मोकळी करायची हा तात्यांचा दंडक. तार मोकळी झाल्यावर त्यांनी निवांत पान उघडलं. मांडणी जुनीच, स्पेस जिथल्या तिथं.

“तू बदललंच न्हाईस.”

“बदललंय, तात्या. फोन जोडून रिफ्रेश दाबून बघा.”

“बघायला फोन कशाला? पान समोर हाय की.”

तिनं पुन्हा चढवलं. तात्यांनी पुन्हा फोन तोडून पाहिलं. असं तीनदा झालं, आणि तिसऱ्या वेळी खुर्चीत मोहनराव बसलेले होते.

मोहनराव नुसते पान बघायला आले नव्हते. भवानीनगरात कॉम्प्युटरचे वर्ग निघायचे होते, शिकवायला माणूस हवं होतं आणि मोहनराव समितीवर होते. ज्योत्स्नानं अर्ज केला होता. पोरगी कशी काम करते ते एकदा बघावं, म्हणून ते आले होते. तात्यांना हे ठाऊक होतं. सकाळीच त्यांनी तिला नवा ड्रेस घालून ये म्हणून सांगितलं होतं.

पान उघडलं. स्पेस जिथल्या तिथं.

“तात्या, एकदा फोन जोडा,” ज्योत्स्ना हळू म्हणाली.

तात्यांच्यातला जुना जुळारी खवळला. “तीस वर्षं प्रुफं बघितली मी. तीनदा सांगून खिळा बदलत न्हाईस, आन् वर मला शिकवतीस? कामात लक्ष नसंल तर आधीच सांगावं माणसानं.”

मोहनराव खिडकीबाहेर बघत राहिले. ज्योत्स्नानं कॉम्प्युटर बंद करून त्यावर कापड घातलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. वर्गावर दुसरंच कुणी लागलं.

आठवड्यानं मोहनरावांचा फोन आला. पान एमआयडीसीत आता झकास दिसतंय, म्हणाले. तात्यांनी स्वतः काहीच केलं नव्हतं. त्यांनी अर्थ लावला, की बोलणी खाल्ल्यावर पोरीनं बाहेर कुठल्या इंटरनेटच्या दुकानात बसून घाईघाईत केलं असणार. ओरडल्याशिवाय कामं होत नाहीत, एवढंच ते म्हणाले आणि शाबासकी ठेवून घेतली.

दिवाळीनंतर भाव बदलले. ह्या वेळी तात्यांनी आपल्या हातानं आकडे बदलले, पान चढवलं, फोन तोडला, पाहिलं. जुनेच आकडे. चारदा केलं, चारदा जुनेच. रागवायला गाळ्यात दुसरं कुणी नव्हतं. शेवटी ते स्टँडजवळच्या विकीच्या इंटरनेटच्या दुकानात गेले. तिथं नवे आकडे लखलखीत.

“तुमचं मशीन एकदा बघितलेलं पान पोटात ठिवतं, तात्या,” विकी म्हणाला. “फोन तोडून उघडलं की तेच शिळं ताटात वाढतं. जोडून रिफ्रेश दाबायचं. एवढं बी न्हाय सांगितलं कुणी तुमाला?”

“सांगितलं व्हतं,” तात्या म्हणाले.

ज्योत्स्ना इंदापुरात होती. तहसील कचेरीच्या बाहेर, एका वकिलाच्या टपरीत प्रतिज्ञापत्रं टाइप करत. तात्या एस्टीनं गेले. समोर दोन माणसं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी थांबलेली, त्यांच्या मागं तात्या उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, “चूक माझी व्हती. मशीन जुनं दाखवत व्हतं.”

“ठाऊक हाय मला.”

“मग तवा जोरानं का न्हाय बोललीस?”

“दोनदा बोलले, तात्या. जोरानं बोलायची जागा न्हवती ती.” तिनं कागद सरळ केला. “मोहनरावांना सांगितलं का?”

वाटेत भवानीनगर लागलं होतं, एस्टी तिथं थांबलीही होती. तात्या उतरले नव्हते.

परतताना उतरले. मोहनराव अंगणात खोकी बांधून घेत होते. तात्यांनी शब्द न शब्द सांगितला: पोरीनं पहिल्याच दिवशी काम चोख केलं होतं, खोट माझ्या बघण्यात होती, आणि शाबासकी मी फुकट खाल्ली.

“जाऊ द्या हो,” मोहनराव म्हणाले. “मला वाटलं, तिला काढून तुमीच नीट केलं. समितीत बी मी तसंच बोललो, की पोरगी हुशार असंल पण टंगळमंगळ करती. आता जागा भरली. पुढं कधी निघाली तर बघू. नाव काय म्हणालात तिचं?”

तात्यांनी नाव सांगितलं. मग गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, पुण्याच्या कोर्सचंही सांगितलं, सावकाश, लिहून घेणाऱ्याला सांगावं तसं. मोहनरावांच्या खिशाला पेन होतं. ते मान हलवत ऐकत राहिले, आणि मधेच वळून गड्याला म्हणाले, “आरं, सुतळी वढून बांध.”