डॉक्टरांची लाल गाडी आणि दोघी जावा

थोरली सून गाडीखाली शिरली की लवकर बाहेर येत नसे. जुन्या, दुर्मिळ स्पोर्ट्स गाड्यांची किंमत ठरवणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लग्न होऊन सासऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये आली तेव्हा तिला क्लच कुठला नि ब्रेक कुठला हेही ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी शिकवलं, ती शिकली. वरच्या रंगाखालचा मूळ रंग, दाबून टाकलेला गंज, नंतर मारलेलं वेल्डिंग, काही म्हणता काही तिच्यापासून लपत नसे. असल्या गाड्या दुकानात मांडून विकत नाहीत. एक मालक, एक गिऱ्हाईक आणि मध्ये विश्वासाचं माणूस, सगळं कानोकान. ते माणूस म्हणजे आपणच, असं थोरली धरून चालली होती.

मग धाकटी आली.

धाकट्या दिराची बायको. लग्नाआधी एका हॉटेलात येणाऱ्याजाणाऱ्यांचं स्वागत करायची. गाडीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण माणूस दारात दिसला की, “या, बसा, फार लांबून आलात का?” असं काही विचारायची की तो आधी बसायचा आणि मग कशाला आलो ते आठवायचा. सासऱ्यांनी सहज म्हणून तिला गिऱ्हाइकांशी बोलायला बसवलं आणि बघता बघता विक्रीचं सगळं तिच्या हाती गेलं. थोरली मागच्या शेडमध्ये, धाकटी पुढच्या काचेच्या खोलीत. जेवताना सासरे म्हणायचे, “पोरीच्या जिभेवर साखर आहे.” थोरली ताट संपवून उठायची. आपल्याबद्दल ते असं शेवटचं कधी बोलले होते, ते तिला आठवत नसे.

तरीही इतके दिवस तिनं धकवून नेलं. खरी ठिणगी पडली ती डॉक्टरांच्या गाडीवरून.

हे डॉक्टर दातांचे, आता निवृत्त. त्यांच्याकडे दोनच माणसं बसतील अशी एक लाल स्पोर्ट्स गाडी होती. विम्यासाठी तिची किंमत ठरवायला थोरली दरवर्षी जायची. गाडी वरवर पाहू द्यायचे, जॅकवर मात्र चढवू द्यायचे नाहीत. कधी ना कधी ही गाडी विकायला ते आपल्यालाच बोलावतील, अशी ती आस लावून होती. आणि एक दिवस त्यांचा फोन आला.

“विकायची म्हणतोय,” ते सासऱ्यांना म्हणाले. “तुमच्या धाकट्या सूनबाईंना पाठवा.”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. “एकदाच भेटलेत तिला, विम्याचे कागद द्यायला गेली तेव्हा! आणि मी?” ती नवऱ्याला म्हणाली.

“काम घरातच आलं ना?” नवरा म्हणाला.

“तुला नाही कळायचं.”

किंमत मात्र तिलाच ठरवायची होती. गाडी शेडमध्ये आली, तशी तिनं दार ओढून घेतलं. आजवर प्रत्येक गाडी चांगली निघावी असंच तिला वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा वाटलं, काहीतरी निघू दे. आणि निघालं. पुढच्या दिव्यांच्या आतल्या बाजूला वेल्डिंगची बारीक रेघ होती. गाडीचं नाक कापून नवं बसवलं होतं. मूळ पत्रा गेला की अशा गाडीची किंमत घसरते. थोरलीला आनंद झाला. हा आनंद काही बरा नव्हे हे तिला कळत होतं, पण झाला खरा.

धाकटीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण ती गिऱ्हाईक येईपर्यंत थांबली.

गिऱ्हाईक म्हणजे चष्म्यांच्या दुकानांचा मालक, हौशी माणूस. सासरेही येऊन बसले होते. थोरली म्हणाली, “एक सांगायला हवं. हिचं नाक मूळचं नाही.” आणि तिनं धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

धाकटी गिऱ्हाइकाला चहा देत होती. “हो ना ताई! डॉक्टरांच्या बायकोनं फाटकावर घातली होती. पहिल्यांदाच चालवायला घेतलेली. डॉक्टर इतके हसले की बाईंनी कितीतरी दिवस अबोला धरला.”

“मला तुमच्या जाऊबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलंय,” चष्मेवाला हसून म्हणाला. “म्हणून तर जास्तच आवडली. तुम्ही किंमत त्या बेतानं धरा.”

“मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल,” धाकटी म्हणाली. “इतकी वर्षं जाता त्यांच्याकडे.”

बोलण्यात टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं.

नंतर शेडमध्ये थोरलीला राहवलं नाही. “तुला कसं गं सांगितलं त्यांनी हे?”

“कागद द्यायला गेले होते तेव्हा. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर बाईंचा फोटो आहे ना, गाडीला टेकून उभ्या असतानाचा? मी विचारलं, यांना चालवता यायची का? मग काय, सुटलेच ते. बाई गेल्यापासून कुणी त्यांचं नाव काढलं नव्हतं म्हणाले.”

तो फोटो थोरलीनंही पाहिला होता. मागे दिसणारी चाकं मूळची आहेत की नाहीत, एवढंच पाहिलं होतं.

गाडी विकली गेली. निरोप द्यायला डॉक्टर आले, धाकटीचे दोन्ही हात हातात धरून बराच वेळ उभे राहिले. थोरलीकडे बघून त्यांनी मान हलवली. ती शेडमध्ये गेली आणि पुसलेलीच हत्यारं पुन्हा पुसत बसली.

काही दिवसांनी धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली, “ताई, मला शिकवा ना. गिऱ्हाईक काही विचारतं नि मी थापा मारते.”

सासरे खूश झाले. आता नाही म्हणायची सोय उरली नाही. दोघी एका हिरव्या गाडीखाली शेजारी शेजारी आडव्या झाल्या. धाकटीच्या केसांना ग्रीस लागलं, कोपर आपटलं, तेव्हा थोरलीला थोडं हलकं वाटलं. पण पोरगी चटकन शिकत होती. गंज, वेल्डिंग, रंग, एकदा सांगितलं की पुरे.

“आणि हा इंजिनावरचा नंबर? मूळचा की मागाहून ठोकलेला, हे कसं ओळखायचं?”

ते बोटानं कळतं. मूळच्या आकड्यांच्या कडा घासून गेलेल्या असतात, मागाहून ठोकलेले नखाला लागतात. हे थोरलीला सासऱ्यांनी नव्हतं शिकवलं, तिचं तिनं शोधलं होतं.

“नजरेनं,” थोरली म्हणाली. “बघत राहा, येईल हळूहळू.”

धाकटीनं मान डोलावली, टॉर्च जवळ धरला आणि त्या आकड्यांकडे मन लावून बघत राहिली.