खाऊचे पन्नास रियाल

"एक रियालसुद्धा घ्यायचा नाही," हे त्या मुलींना मीच बजावलं होतं, तेही चांगलं दरडावून.

जेद्दातल्या एका खासगी कॉलेजात, मुलींच्या विभागाच्या ऑफिसात मी काम करते. आमच्या क्रिकेटच्या टीममधल्या मुलींना फी माफ असते. त्या बदल्यात त्यांना एका फॉर्मवर सही करावी लागते, की खेळामुळे किंवा खेळून मिळालेल्या नावामुळे आम्ही कुणाकडूनही पैसे किंवा वस्तू घेणार नाही. बाकीच्या ऑफिसांत पोरी न वाचताच सह्या करून मोकळ्या होतात. माझ्या टेबलाशी तसं चालत नाही. मी एकेका ओळीवर बोट ठेवून फॉर्म वाचून दाखवते, मग पेन हातात देते. नवरा म्हणतो, तू चिपळूणहून इथे येऊन तलाठी झालीस. होऊ दे. कागद नीट असला की मला रात्री झोप लागते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलींनी कॉलेजांच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. उपांत्य सामन्यातल्या शेवटच्या षटकाचा व्हिडिओ इथल्या भारतीयांच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरला. अल अझीझियात आमच्या घराखालच्या दुकानात भाजी घ्यायला गेले तर तिथला मल्याळी दुकानदार विचारू लागला, "मॅडम, वो बॉलिंग वाली लडकी आपके कॉलेज की?" मी अशी मान हलवली, जणू चेंडू मीच टाकला होता.

ती बॉलिंगवाली रायगडच्या किनाऱ्यावरची, कोकणी मुसलमान घरातली. वडील ट्रेलर चालवतात, बुरैदाहून खजूर भरून जेद्दाला आणतात. आई लहानपणीच गेली. ऑफिसात इतर मुली मला आंटी म्हणतात. ही एकटी मावशी म्हणते, आणि कुणी आसपास नसलं की घरच्या मराठीत बोलते. मला त्याचं फार अप्रूप होतं. माझी स्वतःची मुलगी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते.

चिपळूणला माझी भाची शाळेच्या टीममध्ये खेळते. तो व्हिडिओ बघून ती मागेच लागली, "मावशी, मला त्यांची सही हवी." मग मी एक पांढरी टोपी विकत घेतली आणि एका गुरुवारी सराव संपल्यावर मैदानावर गेले. बॉलिंगवालीने झटकन सही केली. तिच्या शेजारी हैदराबादची, आमची सलामीची फलंदाज, उभी होती; व्हिडिओतला शेवटचा झेल तिचाच. तिच्यापुढे टोपी धरून मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "बेटा, इसपे सही करो."

ती टोपी उलटसुलट करून बघायला लागली. "क्या सही करूं आंटी? गलत क्या है इसमें?"

हसून हसून आम्हा दोघी कोकणवाल्यांची पुरेवाट झाली. हिंदीत सही म्हणजे बरोबर, हे इतकी वर्षं हिंदी बोलूनही माझ्या जिभेला कळत नाही. शेवटी तिला "साइन, साइन" म्हणून सांगितलं, तेव्हा तिने मोठी वळणदार सही ठोकली.

मी इतकी खूश होते की निघताना पर्स उघडली आणि दोघींच्या हातात पन्नास पन्नास रियाल कोंबले. हैदराबादवाली "नहीं नहीं" करत मागे सरली. बॉलिंगवाली म्हणाली, "मावशी, नको ओ."

"ठेव गो. खाऊला ठेव."

आमच्याकडे लहानांना असे पैसे द्यायचेच असतात, आणि लहानांनी दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचेच असतात. न घेणारं मूल आगाऊ ठरतं. बॉलिंगवालीला हे ठाऊक होतं. तिने घेतले, म्हणून दुसरीनेही घेतले. फॉर्म वाचून दाखवणाऱ्या बाईच्या, म्हणजे माझ्या, डोक्यात त्या क्षणी फॉर्म आलासुद्धा नाही. खरं सांगते, खाऊचे पैसे म्हणजे पैसे, हे मला कधी वाटलंच नव्हतं.

रविवारी ऑफिसात एक तक्रार आली. टीममधल्या दोन मुली पैसे घेऊन सह्या देतात, असं इंग्रजीत लिहिलं होतं. सह्यांबद्दलच्या त्या तक्रारीखाली कुणाचीच सही नव्हती. सोबत एक फोटो होता. त्यात दोन मुली ओळखू येत होत्या आणि तिसरा नुसता हात होता. काळ्या अबायाची बाही, दोन हिरव्या बांगड्या, मनगटावर कुकरच्या वाफेने भाजल्याचा डाग आणि बोटांत नोटा.

मी टेबलाखाली हात नेऊन बाही ओढून घेतली.

आमच्या डीन सौदी आहेत. आवाज न चढवता बोलणाऱ्या, पण नियमाला पक्क्या. त्यांनी फोटोकडे एकदा बघितलं आणि मला सांगितलं, दोघींना नोटिस काढा, तीन दिवसांत खुलासा मागा. आरोप खरा ठरला तर फीमाफी बंद आणि ताइफच्या अंतिम सामन्यातून नाव कमी. ती नोटिस मी टाइप केली. "सहीच्या मोबदल्यात पैसे स्वीकारणे" हे शब्द मी माझ्याच बोटांनी टाइप केले, शुद्धलेखन तपासलं, आणि दोन प्रती काढल्या. तेव्हाच उठून आत जायला हवं होतं. गेले नाही.

त्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चहा पीत होता. म्हणाला, "फोटोत हात आहे, तोंड नाही. गप्प बस. तुझं कॉन्ट्रॅक्ट वर्षावर्षाचं आहे, माहितेय ना?" माझा इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, त्याच्या नावावर असल्यामुळे मला कुणी देशाबाहेर काढणार नव्हतं, पण नोकरी नक्की गेली असती, आणि या वयात इथे दुसरी कुठे मिळणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर नाही, कारण तो बोलला तेच मी सकाळपासून स्वतःशी बोलत होते. तरी भांडले त्याच्याशीच. मग बांगड्या काढून कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "आजकालच्या मुली, पैशाला कशा हपापलेल्या असतात." मी मान खाली घालून फायलींना नंबर घालत राहिले. एरवी मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे.

तिसऱ्या दिवशी बॉलिंगवाली खुलाशाचा कागद घेऊन माझ्याच टेबलाशी आली. आलेल्या कागदावर शिक्का मारणं माझंच काम. तिने लिहिलं होतं की ओळखीच्या एका बाईंनी प्रेमाने पैसे दिले, ते घेतले ही चूक झाली, त्यांचं नाव सांगणार नाही. हैदराबादवालीच्या कागदातही शब्दन्‌शब्द तेच. मी वर बघितलं. तिची नजर माझ्या रिकाम्या मनगटावर होती.

"मावशी, तुम्ही काही बोलू नका," ती हळूच म्हणाली. "तुमचं काम जाईल. फीचं अब्बा बघतील कायतरी. एक खेप जास्त मारतील."

आणि मी काय केलं? शिक्का मारला. तारीख घातली. ती गेल्यावर तो कागद हातात घेऊन बसले, आणि मला माझी इतकी लाज वाटली की कान गरम झाले. एकोणीस वर्षांची पोर मला पाठीशी घालत होती, आणि तिचा बाप माझ्या पन्नास रियालपायी बुरैदाची एक खेप जास्त मारणार होता. दोन्ही कागद घेऊन मी उठले आणि डीनच्या दारावर टकटक केलं.

आत जाऊन बाही वर केली आणि डाग दाखवला. "हा हात माझा आहे."

डीननी मला बसायला सांगितलं. "तुम्ही? फॉर्म तर तुम्हीच भरून घेता."

"हो. पण ते पैसे सहीचे नव्हते. ते खाऊचे होते."

आता खाऊला इंग्रजीत काय म्हणायचं? मी म्हटलं, खाण्यासाठी. त्यांनी विचारलं, मुलींना भूक लागली होती का? नाही, भूक नव्हती. मग टिप? मी जवळजवळ ओरडलेच, "टिप नाही!" टिप वेटरला देतात. मग मी खुर्चीत सरसावून बसले आणि त्यांना समजावलं. पाहुणे निघतात तेव्हा घरातल्या मुलाच्या हातावर नोट ठेवतात. आई नको नको म्हणते, पाहुणे ऐकत नाहीत, मूल आईकडे बघत बघत मूठ मिटतं. कशाचा मोबदला नसतो तो. मूल हुशार असो, ढ असो, नकटं असो, त्याला मिळतात. मूल आहे, एवढंच पुरतं.

डीन शांतपणे ऐकत होत्या. त्यांचा चेहरा सैल झाला. आमच्याकडे ईदला मुलांना देतात त्या ईदीचं तसंच असतं, म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, खलास, सुटलो आम्ही तिघी.

मग त्यांनी सहज विचारलं, "तिथे या दोघीच होत्या?"

"नाही, आणखी एक होती. विकेटकीपर. बाकावर बसून पॅड सोडत होती."

"तिलाही दिले?"

"नाही."

"का?"

"तिने सही कुठे केली होती..."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकू आलं.

खाऊचा एक नियम असतो, आणि तो मला कुणी फॉर्ममध्ये लिहून द्यायची गरज नव्हती. दारात तीन मुलं असली तर दोघांच्या हातावर पैसे ठेवत नाहीत. शेजारचं मूल आलेलं असलं तर त्यालाही देतात. पर्समध्ये सुटे नसले तर कुणालाच देत नाहीत. एकदा माझ्या मामाने मला आणि भावाला दिले आणि दारात उभ्या असलेल्या शेजारच्या मुलीला द्यायचे विसरला, तेव्हा आईने आमच्या हातातले पैसे काढून त्याला परत केले होते. सगळ्यांसमोर. मला हे आठवत होतं, आणि तरीही त्या दिवशी मैदानावर मी बाकावर बसलेल्या मुलीकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. व्हिडिओत ती स्टंपांमागे होती, पण तिच्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. भाचीने तिची सही मागितली नव्हती. टोपी तिच्यापुढे धरावी असंही माझ्या मनात आलं नाही.

म्हणजे मी दिले ते सहीचेच पैसे होते. नाव तेवढं खाऊचं होतं. तक्रार खरी होती, फक्त नावं चुकली होती. त्यात माझं नाव हवं होतं.

आणि तो फोटो बाकाच्या बाजूने काढलेला होता, हेही मला तिथे बसल्या बसल्या समजलं. मी ते डीनना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

निकाल दुसऱ्या दिवशी आला. फीमाफी कायम. पैसे परत करायचे. पण घेतले ते घेतलेच, म्हणून ताइफच्या सामन्यात दोघींना खेळता येणार नाही. मला लेखी ताकीद, जी मीच टाइप केली आणि फायलीला लावली. पुढच्या कॉन्ट्रॅक्टचं वर्षाअखेरीस बघू, असं डीन म्हणाल्या. मी दोघींची माफी मागितली. हैदराबादवालीने रडून घेतलं आणि मग मला मिठी मारली. बॉलिंगवाली रडली नाही. "पुढच्या वर्षी आहेच की, मावशी," म्हणाली, पण पुढचे दोन आठवडे ती ऑफिसात आली तेव्हा माझ्याशी हिंदीत बोलली. त्याचा घाव मला ताकिदीपेक्षा जास्त लागला.

ताइफला बस सकाळी सातला निघणार होती. मी साडेसहालाच गेटवर जाऊन उभी राहिले. पिशवीत ती टोपी होती. चिपळूणला अजून पाठवली नव्हती, पाठवावीशी वाटत नव्हती. पर्स मी मुद्दाम घरी ठेवून आले होते.

विकेटकीपर किट ओढत आली. पाटण्याकडची मुलगी, बुटकी, कमी बोलणारी. मी पुढे झाले तशी ती थबकली. तिचा चेहरा उतरला. मी रागवायला आले असं तिला वाटलं असावं. मी टोपी पुढे केली, आणि इतकं सगळं होऊनही तोंडातून तेच चुकीचं हिंदी बाहेर पडलं.

"बेटा, इसपे सही करोगी?"

तिने टोपीवरच्या दोन्ही नावांकडे बघितलं. या वेळी कुणी हसलं नाही. तिला माझा शब्द बरोबर कळला. त्या दिवशी बाकावर बसून तिने तो ऐकलाच असणार. पेन घेऊन तिने त्या दोन सह्यांच्या खाली, शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर सुटं लिहीत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणून ओरडत होता. तिने घाई केली नाही.

मग टोपी मला परत दिली, आणि मी काही बोलायच्या आत दोन्ही हात पाठीमागे नेले. माझे हात रिकामे होते.