पास्कलच्या स्कूटरचं ॲव्हरेज

दुकानातला माल संपतो, दुकानापुढच्या बाकड्यावरचे किस्से संपत नाहीत. पापडीला माझं दोरखंड आणि पाईपांचं दुकान. नव्वदीच्या त्या वर्षांत बाकड्यावर दोघे कायमचे. एक कॉलेजात बायोलॉजी शिकवणारे फ्रान्सिस सर, दुसरा निर्मळ गावचा केळीवाला पास्कल. गावच्या सणातल्या रस्सीखेचीत शेवटचं टोक कमरेला बांधून उभा राहायचा तो हाच.

*

एकदा सर सांगत होते, स्नायूच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक बारीक भट्ट्या असतात. शक्ती तिथे बनते, पण साठवून ठेवत नाहीत. स्नायूने वापरली, रिकामा माल परत आला, की भट्टी जोर धरते.

मी म्हटलं, "म्हणजे सोडावाल्याचा धंदा. रिकामी बाटली आणा, भरलेली न्या."

सरांनी वर्गात तसंच शिकवलं. एका पोराने परीक्षेत मायटोकॉन्ड्रियाची सुरेख आकृती काढली आणि खाली नाव दिलं, 'सोडा फॅक्टरी'. सर म्हणाले, "शेठ, त्याचा कापलेला अर्धा मार्क तुमच्या नावावर!"

*

पास्कलच्या बायकोने, रोझी वहिनींनी, फुलं विकून पै-पै जमवली आणि त्याला जुनी स्कूटर घेऊन दिली. केळीचे घड लादून रोज सायकल मारणं सुटलं. त्या वर्षी सणाला नंदाखाल गावाने निर्मळला सरळ ओढून नेलं. सगळ्यांत आधी धाप लागली ती पास्कलला.

"दंड तर तेवढेच आहेत, सर," तो कळवळून म्हणाला.

"दंड आहेत रे, आतल्या भट्ट्या घटल्या. मागणीच नाही, तर पेशी कशाला पोसेल?"

मी म्हटलं, "बरोबर. गिऱ्हाईक नसेल तर मीही एकच दिवा लावतो."

*

पास्कलने उपाय काढला. महिनाभर अंडी, केळी आणि दुपारची झोप. "ताकद भरून ठेवतोय."

सर म्हणाले, "पोट भरेल. भट्ट्या खाऊन वाढत नाहीत, रोज दम लागला की वाढतात. सायकल काढ."

पास्कलने स्कूटरच्या सीटवरून हात फिरवला. "रोझीने एवढ्या हौसेनं दिलीय. सायकल काढली तर तिला काय वाटेल?"

*

पुढे एका सकाळी बघतो तर पास्कल घडांनी लादलेली स्कूटर ढकलत चाललाय, घामाघूम. वहिनी पहाटेच फुलं घेऊन बाजाराला गेलेल्या.

"काय रे, बंद पडली?"

"नाय शेठ, मस्त चालते." आणि ढकलत पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. सर चहा पीत बघत होते. म्हणाले, "बाटल्या परत यायला लागल्या."

*

पुढच्या सणाला दोर माझ्याच दुकानातला. नंदाखालचे गडी एकेक करून धापा टाकायला लागले. पास्कल टाच रोवून उभा, तोंड मिटलेलं. निर्मळ जिंकलं.

दुसऱ्या दिवशी रोझी वहिनी घरचा केक घेऊन दुकानात आल्या. पास्कल बाकड्यावर केळं सोलत बसला होता.

"भाऊ, तुम्हाला व्यवहारातलं कळतं म्हणून विचारते. पावसाळा संपल्यापासून यांनी पेट्रोलला पैसे मागितले नाहीत. स्कूटर एवढं ॲव्हरेज देते?"

पास्कलचं केळं हातातच राहिलं. मी सरांकडे बघितलं.

सरांनी केकचा तुकडा उचलला. "वहिनी, ते चालवणाऱ्यावर असतं."