चारच माणसं बसवा

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सेलूच्या कापूस खरेदी केंद्रावर नवा संगणक आला. मशीन एकच, त्याला जोडलेले आठ पडदे. समोर आठ कारकून बसणार आणि आलेल्या गाड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या देणार. मी तिथली एकुलती एक प्रोग्रामर, नोकरीत अजून कायम न झालेली.

कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. एका पडद्यावर बसून त्यानं झटकन चिठ्ठी काढून दाखवली. केंद्राचे साहेब खूश. मी म्हणाले, "सगळे एकदम बसल्यावर काय होतं ते बघायला पाहिजे." दोन कारकून बसवले, मग चार. ठीक चाललं. सहावर मशीन रखडायला लागलं. आठ बसले तेव्हा दोघांच्या चिठ्ठ्यांवर एकच नंबर आला.

"असं क्वचित होतं," इंजिनिअर म्हणाला आणि चहा मागवला.

साहेबांनी मला आत बोलावलं. "चारवर चांगलं चालतं ना? मग चाचणीला चारच माणसं बसवा."

"सर, हंगामात आठही बसणार आहेत."

"तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत."

चाचणीला चारच बसवले. अहवालात लिहिलं गेलं: आठ पडदे जोडले, चाचणी समाधानकारक. एकही शब्द खोटा नाही. त्याचीच जास्त किळस वाटली. खाली मी सही केली. घरी जाऊन हात धुतले, तरी जेवण गेलं नाही.

खरेदी सुरू झाली त्या दिवशी गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत गेली होती. दुपारी दोन गाडीवाले एकच नंबर घेऊन वजनकाट्यावर भिडले. "माझा नंबर हाय!" "तुझा कसा? ही बघ चिठ्ठी!" एकानं काठी घातली. दुसऱ्याच्या कपाळातून रक्त आलं, हातातली चिठ्ठी भिजली. साहेब खिडकीतून ओरडले, "अडाणी लोक! नंबर वाचता येत नाही."

बाहेर जाऊन मी त्या माणसाच्या कपाळाला रुमाल लावला. म्हणाले, "काका, नंबर तुम्ही बरोबरच वाचला. चूक मशीनची आहे. आम्हाला आधीपासून माहीत होतं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हाईत होतं? मग सांगितलं का न्हाई बाई?"

आत येऊन मी चार पडद्यांच्या वायरी उपटल्या. साहेब धावत आले. "हे काय चालवलंय?"

"चारवर चांगलं चालतं ना, सर?"

त्यांनी दातओठ खाल्ले, पण बाहेर गर्दी होती. हंगामभर चारच पडदे चालले. बाकीच्या गाड्यांना आम्ही हातानं नंबर लिहून दिले. अहवाल मात्र कोणी बदलला नाही. उलट त्याच्याच जोरावर साहेबांनी दुसऱ्या केंद्रासाठी तसलंच मशीन मागवलं आणि चाचणीला मलाच पाठवलं.

तिथं पहिल्याच सकाळी मी आठही कारकून एकदम बसवले. दोन सारखे नंबर आले. दोन्ही चिठ्ठ्या अहवालाला टाचल्या, मगच सही केली.